‘नव्या टीमचा विश्वास कसा मिळवाल?’ इंटरव्ह्यूतल्या या प्रश्नाचं करायचं काय

गेल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न पाठवला. एकीचा बँकेतला इंटरव्ह्यू, एकाचा चाकणच्या प्लांटमधला, तिसऱ्याचा आयटीतला. काम वेगळं, पगार वेगळा, पण प्रश्न तोच: नव्या ठिकाणी गेल्यावर तिथल्या लोकांचा विश्वास कसा मिळवाल, किंवा याआधी कुठे मिळवला असेल तर तो कसा ते सांगा. तिघांनी उत्तरही साधारण एकच दिलं होतं, की मी सगळ्यांशी मिळूनमिसळून राहतो, मी टीम प्लेअर आहे, मी मनापासून काम करतो. आणि नंतर तिघांनाही कळेना की समोरचा माणूस नुसता ‘ओके’ म्हणून पुढच्या प्रश्नावर का गेला.

मी क्वालिटीत काम करते, ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये, आणि गेली काही वर्षं इंटरव्ह्यू घेणाऱ्या पॅनलवरही बसते. टेबलाच्या त्या बाजूने हे उत्तर कसं ऐकू येतं ते मला माहितीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कारण चांगली, कामाची पोरं या एका प्रश्नाला अडखळतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी विश्वास म्हणजे काय ते बघू, भिशीच्या भाषेत

समजा दहा जणींची भिशी आहे, महिन्याला पाच हजार, म्हणजे दर महिन्याला एकीला पन्नास हजार मिळणार. आता त्यात एक नवीन बाई आली, बिल्डिंगमध्ये नुकतीच राहायला आलेली. तिला पहिला नंबर द्याल? बहुतेक जणी देणार नाहीत, कारण पहिल्या महिन्यात पैसे उचलून उरलेले नऊ हप्ते तिने बुडवले तर भुर्दंड बाकीच्यांना. तिला शेवटचा नाहीतर शेवटून दुसरा नंबर मिळतो. ती दहाही महिने वेळेवर हप्ते भरते, मग पुढच्या भिशीत घरात काही अडचण असली आणि तिने लवकरचा नंबर मागितला तर कोणी फार विचार करत नाही.

विश्वास म्हणजे एवढंच. समोरच्यामुळे आपलं नुकसान होऊ शकतं हे माहीत असूनही जोखीम घ्यायची तयारी. 1995 साली मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अभ्यासकांनी विश्वासाची व्याख्या मांडली ती साधारण हीच, आणि आजही या विषयावर बोलणारे तिच्यापासूनच सुरुवात करतात. यात ‘आवडणं’ कुठेच नाही बघा. नवीन बाई गोड बोलते, हळदीकुंकवाला येते, सगळ्यांना आवडते, तरी तिला पहिला नंबर मिळत नाही. इंटरव्ह्यूत मात्र आपण विश्वासाबद्दल विचारलं की आवडण्याबद्दल बोलतो, मिळूनमिसळून राहतो वगैरे, आणि गाडी तिथेच घसरते.

लोक नेमकं काय तपासतात

त्याच तीन अभ्यासकांनी सांगितलं की आपण एखाद्यावर विश्वास ठेवताना तीन गोष्टी बघतो. एक, याला काम येतं का. दुसरी, याला माझं भलंबुरं दिसतं का, का हा फक्त स्वतःपुरतं बघतो. तिसरी, हा शब्दाला जागतो का. कुवत, आपुलकी, सचोटी म्हणा हवं तर.

तिन्ही लागतात, एक असून दुसरी नसेल तर चालत नाही. ओळखीतला एखादा मेकॅनिक आठवा, हात सोन्यासारखा पण ‘उद्या या’ म्हणून आठ दिवस फिरवणारा, त्याच्याकडे आपण गाडी सोडतो पण जीव टांगणीला लागलेला असतो. उलट एखादा अगदी भला, शब्दाचा पक्का, पण काम कच्चं, त्याला आपण चहा पाजतो आणि गाडी दुसरीकडे नेतो.

इंटरव्ह्यूत बहुतेक जण फक्त पहिली गोष्ट सांगतात. मला अमुक सॉफ्टवेअर येतं, मी टार्गेट पूर्ण केलं. कुवतीबद्दलचे प्रश्न पॅनलने आधीच विचारलेले असतात, हा प्रश्न उरलेल्या दोन गोष्टींसाठी असतो, आणि नेमक्या त्याच राहून जातात.

पण कंपनीला याचं काय पडलंय?

हा प्रश्न मला खूप जण विचारतात, की काम झालं म्हणजे झालं ना, विश्वासबिश्वास कशाला. तर कारण आहे, आणि पैशांचंच आहे. जिथे विश्वास नसतो तिथे चुका लपतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1996 साली हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांवर अभ्यास छापला होता. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार, पण आकडे उलटे आले, जिथलं वातावरण चांगलं तिथे चुकांची नोंद जास्त. कारण तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती वाटत नव्हती. बाकीच्या ठिकाणी चुका कमी झाल्या असतील असं नाही, त्या वर येत नव्हत्या. आमच्या लाईनवर हे मी डोळ्यांनी बघितलंय. ऑपरेटरने शंका वाटलेला पार्ट गुपचूप ट्रेमध्ये टाकला तर तो कस्टमरकडे जाऊन पकडला जातो, आणि तेव्हा अख्खा लॉट परत येतो.

ॲमेझॉनने तर आपल्या जाहीर तत्त्वांच्या यादीत ‘अर्न ट्रस्ट’ हे एक तत्त्वच ठेवलंय, नीट ऐकून घ्या, स्पष्ट बोला, समोरच्याला मान द्या, आणि अवघड वाटलं तरी स्वतःची चूक स्वतः बोलून दाखवा, असा त्याचा अर्थ. तिथे इंटरव्ह्यूला जाणारी मुलं या तत्त्वावरचे प्रश्न धरूनच तयारी करतात.

आता ‘याआधी कसा मिळवला ते सांगा’ असंच का विचारतात? कारण गप्पा मारून माणूस ओळखता येतो हा आपला समज फारसा खरा नाही. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून, उत्तरांना ठरलेल्या पद्धतीने मार्क देऊन घेतलेला इंटरव्ह्यू आणि मनाला येईल ते विचारून घेतलेला इंटरव्ह्यू, यांची तुलना बरीच वर्षं चालू आहे. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासून मांडले. पुढे माणूस काम कसं करेल याच्याशी ठरवून घेतलेल्या इंटरव्ह्यूचा संबंध 0.42 निघाला, गप्पांसारख्या इंटरव्ह्यूचा 0.19. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, असं ते मोजमाप आहे. म्हणजे समोरच्याच्या हातात कागद असेल आणि तो तुमच्याकडे न बघता लिहीत बसला असेल तर घाबरू नका, तो मार्क देतोय, आणि मार्क घटनेला मिळतात, विशेषणांना मिळत नाहीत.

उत्तर बांधायचं कसं

क्लासवाले ‘स्टार’ पद्धत शिकवतात. परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलं, निकाल काय लागला. पद्धत चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही, पण विश्वासाच्या प्रश्नाला लोक ‘निकाल’ म्हणून चुकीची गोष्ट सांगतात. प्रोजेक्ट वेळेत झाला, साहेबांनी कौतुक केलं. अहो पण विश्वासाचं काय झालं? भिशीकडे परत जा. त्या बाईवर विश्वास बसला हे कशावरून कळलं, तर तिला लवकरचा नंबर मिळाला यावरून. तुमच्या गोष्टीतही तो नंबर दिसायला हवा: जे आधी तुमच्यावर सोपवत नव्हते ते कोणी सोपवलं, जे सांगत नव्हते ते कोणी येऊन सांगितलं.

माझीच एक गोष्ट सांगते, मी इंटरव्ह्यूत सांगितलेली. एका कंपनीत नवीन लागले होते, लाईनवरचे जुने ऑपरेटर क्वालिटीवाल्यांना पोलीस समजायचे, समोर आले की गप्प. एका रात्रपाळीत मी चाळीस पार्ट रिजेक्ट केले, बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाचा, साइज जास्त येत होता. तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांना सगळे मामा म्हणायचे, ते म्हणाले, “मॅडम, पार्ट बरोबर आहेत, तुमचं गेज बघा.” मला रागच आला होता खरं तर. पण त्यांच्यासमोरच बोअर गेज (भोक मोजायचं साधन) मास्टर रिंगवर, म्हणजे अचूक मापाच्या कड्यावर, लावून बघितलं, आणि झिरो सेटिंग हललेलं होतं. शिफ्टच्या सुरुवातीला ते चेक करणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. सेटिंग करून चाळीसही पार्ट पुन्हा मोजले, अडतीस ओके निघाले. रजिस्टरमध्ये मी माझ्या हाताने लिहिलं की चूक गेज सेटिंगची, ऑपरेटरची नाही, आणि सकाळच्या हँडओव्हरला सगळ्यांसमोर तेच सांगितलं. त्यानंतर रोज शिफ्ट चालू होताना गेज मामांना दाखवूनच सेट करायचे.

निकाल काय? रिजेक्शन कमी झालं वगैरे मी सांगितलंच नाही. मी सांगितलं की महिन्याभराने मामा स्वतः एक पार्ट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले, म्हणाले, “हा मला बरोबर वाटत नाहीये, बघा जरा.” तोपर्यंत तिथे कोणी आपणहून पार्ट आणून दाखवत नव्हतं.

हे बोलायला दोन मिनिटं पुरतात. त्यात तिन्ही गोष्टी येतात, गेज पुन्हा लावता येणं ही कुवत, दोष मामांवर जाऊ न देणं ही आपुलकी, स्वतःच्या हाताने लिहिणं ही सचोटी. पण मी यातला एकही शब्द उच्चारला नाही. तुम्हीही उच्चारू नका, ‘मी खूप प्रामाणिक आहे’ हे वाक्य माणसाने स्वतःबद्दल बोललं की ऐकणारा सावध होतो.

मी फ्रेशर आहे, माझ्याकडे कुठून येणार अशी गोष्ट?

येते. फक्त ऑफिसमधलीच गोष्ट चालते असं तुम्ही धरून चाललाय म्हणून सापडत नाही. परवा एका मुलाची तयारी करून घेत होते, म्हणाला माझ्याकडे काहीच नाही. बोलता बोलता कळलं की तो अकरावीला दुसऱ्या गावातून मामाकडे राहायला आला आणि तिथल्या गणपती मंडळात घुसला. पहिल्या वर्षी त्याला मंडपाच्या कामाला ठेवलं, दुसऱ्या वर्षी वर्गणी मागायला बरोबर नेलं पण पावतीबुक जुन्या पोरांकडेच. त्याने काय केलं, तर रोज रात्री किती पावत्या फाटल्या आणि किती रक्कम आली ते वहीत लिहून ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली, कोणी सांगितलं नसताना. एकदा दोनशे रुपये कमी भरले तर तेही लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ज्या घरी पावती दिली पण पैसे राहिले होते ते घर शोधून काढलं. तिसऱ्या वर्षी खजिनदार त्याला केला. अहो, याच्याहून चांगलं उत्तर काय असतं! तो मात्र ‘हे काय इंटरव्ह्यूत सांगायचं असतं का’ म्हणत होता.

ग्रुप प्रोजेक्ट, हॉस्टेलची मेस, सुट्टीत केलेलं दुकानातलं काम, एनएसएसचा कॅम्प, घरातल्या आजारी माणसाची औषधं सांभाळणं, कुठेही शोधा. स्वतःला फक्त एवढं विचारा, की आधी माझ्यावर सोडत नव्हते आणि नंतर सोडायला लागले अशी कुठली गोष्ट होती?

आणि ‘समजा’ने सुरू होणारा प्रश्न आला तर?

म्हणजे ‘समजा तुम्हाला अशा टीमवर टाकलं जिथे सगळे दहा वर्षं जुने आहेत, पहिल्या महिन्यात काय कराल?’ इथे गोष्ट नाही, बेत सांगायचा असतो. आणि बेत म्हटलं की लोक मोठं बोलतात, मी नवीन पद्धत आणेन, सगळ्यांना मोटिव्हेट करेन. नवीन माणूस आला आणि पहिल्याच आठवड्यात कपाटं हलवायला लागला तर घरात काय होतं ते आठवा.

त्यापेक्षा लहान आणि तपासता येईल असं सांगा. उदाहरणार्थ असं: “पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला एकच विचारेन, की या पोस्टवरच्या माणसाच्या कुठल्या कामामुळे तुमचं काम अडतं. त्यातली दोन-तीन छोटी कामं निवडून त्यांना तारीख देईन आणि त्या तारखेला करून दाखवेन. जमणार नसेल तर तारीख यायच्या आधी सांगेन. एखादी जुनी पद्धत मला चुकीची वाटली तरी ती तशी का पडली हे आधी विचारेन, मग बोलेन.” बस, एवढं पुरे. तारखेच्या आधी सांगण्याचा मुद्दा साधा वाटतो, पण नव्या माणसावरचा विश्वास बहुतेक तिथेच जातो, काम न झाल्याने कमी आणि शेवटच्या दिवसापर्यंत कळवलं नाही म्हणून जास्त.

चूक सांगितली तर मार्क जाणार नाहीत?

चूक कुठली यावर आहे. पीटर किम आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये यावर एक छान प्रयोग केला होता, तोही इंटरव्ह्यूचाच. अकाउंटंटच्या जागेसाठीच्या उमेदवाराचा व्हिडिओ लोकांना दाखवला, ज्यात आधीच्या नोकरीत तिने टॅक्सचं रिटर्न चुकीचं भरल्याचा आरोप निघतो. काही जणांना सांगितलं की नियम नीट माहीत नव्हता म्हणून चुकलं, काहींना सांगितलं की क्लायंटला खूश करायला मुद्दाम केलं. माहिती कमी पडल्याच्या चुकीत सरळ माफी मागितली की विश्वास बराचसा परत आला. मुद्दाम केलेल्या गोष्टीत माफीचा तेवढा उपयोग झाला नाही, लोकांच्या मनात ‘हा माणूसच असा’ हे बसलं, तिथे आरोप नाकारणाऱ्यावरच लोकांनी जास्त विश्वास ठेवला. पण हे वाचून नाकारायला जाऊ नका, कारण त्याच अभ्यासात पुढचा भाग आहे, नंतर पुरावा सापडला तर नाकारणाऱ्याची अवस्था माफी मागणाऱ्यापेक्षा वाईट झाली.

इंटरव्ह्यूसाठी याचा अर्थ असा, की न येण्याची, विसरण्याची, अंदाज चुकल्याची गोष्ट बिनधास्त सांगा, आणि ती दुरुस्त कशी केली तेही सांगा. माझी गेजची चूक त्यातलीच. एका ठिकाणचा किस्सा मात्र अजून डोक्यात आहे. एका उमेदवाराने मोठ्या अभिमानाने सांगितलं की टीमला वाचवायला त्याने रिपोर्टमधला एक आकडा ‘ॲडजस्ट’ केला आणि सगळे त्याच्यावर खूश झाले. त्याला वाटलं तो आपुलकी दाखवतोय. पॅनलवरच्या आम्ही तिघांनी एकदमच पेन खाली ठेवलं.

पण ही सगळी तयारी म्हणजे नाटकच झालं ना?

घटना खरी असेल तर नाही. लग्नात भाषण करायचं असलं तरी आपण दोन ओळी मनात जुळवतो, त्याला कोणी खोटं म्हणत नाही. घटना पाठ करू नका, क्रम लक्षात ठेवा. रचलेली गोष्ट सापडते कशी तेही सांगते, आम्ही दुसरा, तिसरा प्रश्न विचारतो. “मग ते काय म्हणाले?” “रजिस्टरमध्ये नेमकं काय लिहिलंत?” खरी गोष्ट असलेला माणूस इथे उलट खुलतो, त्याला बारकावे आठवायला लागतात, आणि रचलेल्या गोष्टीवाला परत पहिल्याच वाक्यावर येतो.

अबोल असाल तरी हरकत नाही, विश्वासाच्या गोष्टीत बोलणं कमीच असतं. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, ती नाही म्हणण्यात अर्थ नाही, विशेषतः मराठी मीडियमच्या मुलांना. गोष्ट आधी मराठीत कोणाला तरी मोठ्याने सांगून बघा, मग छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. भाषांतर करत बोललात की अडकता. आणि शॉपफ्लोअरच्या इंटरव्ह्यूला “सर, हे मराठीत सांगितलं तर चालेल का?” असं विचारायला अजिबात लाजू नका, मी स्वतः कितीतरी वेळा ‘चालेल’ म्हटलंय.

आडनाव, गाव, बाईमाणूस... विश्वास आधीच ठरलेला असतो त्याचं काय?

असतो. हे नाकारणारा लेख मला लिहायचा नाही. काही ठिकाणी ‘आपल्यातला’ माणूस पहिल्या दिवशीच आत घेतला जातो आणि बाकीच्यांना वर्षभर हप्ते भरावे लागतात. रात्रपाळीला बाई कशाला, हे मी तोंडावर ऐकलंय. तुमच्या उत्तराने ते बदलत नाही. मात्र ठरलेले प्रश्न आणि लिहून दिलेले मार्क असले की अशा ओळखीपाळखीला जागा थोडी कमी उरते, म्हणून घटना सांगणाऱ्याला त्यातल्या त्यात आधार असतो, कारण कागदावर काहीतरी ठोस उतरतं आणि नंतर पॅनलमध्ये कोणी ‘मला काही तो जमेलसा वाटत नाही’ म्हटलं तर दुसऱ्याला त्या कागदावर बोट ठेवता येतं. मी ते बोट ठेवलंय, दोनदा. एकदा उपयोग झाला.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात तेव्हा

तेव्हा हाच विषय उलटा फिरवा. विचारा, “इथे नवीन माणसाकडे पहिलं स्वतंत्र काम साधारण कधी देता, आणि ते कोण ठरवतं?” जिथे नीट सांगतात की पहिला महिना अमुकच्या हाताखाली, मग छोटी लाईन, मग सही करायचा अधिकार, तिथे हप्ते भरले की नंबर लागतो हे समजा. आणि “ते आम्ही बघू हो नंतर” असं उत्तर आलं तर घरी जाताना ऑफर लेटरमधला प्रोबेशनचं कलम जरा सावकाश वाचा.